उद्याच्या यंत्राचा भुर्दंड

झिजल्यावाचून जुनी होणारी वस्तू आपल्या वाडवडिलांस ठाऊक नव्हती. जाते बोथट झाले म्हणजे त्यास टाकी लावीत, समई गळू लागली म्हणजे तिला डाग देत, आणि देवळाचे वासे किडले म्हणजे गाव मिळून जीर्णोद्धार करी. वस्तू कामाने जुनी होई, पंचांगाने नव्हे. आज मात्र आपल्या घरांत, शाळांत आणि देवस्थानांच्या कचेऱ्यांत एक वस्तू अशी येऊन बसली आहे की, जिचा पत्रा गंजलेला नाही, जिची कळ तुटलेली नाही, जी पहिल्या दिवशी ज्या वेगाने बेरीज करीत होती त्याच वेगाने आजही करू शकते, आणि तरीही जी सात-आठ वर्षांत 'जुनी' ठरून अडगळीत जाते. ही वस्तू म्हणजे संगणक, आणि त्याचे धाकटे भावंड म्हणजे मोबाईल.

ह्या अकाली वार्धक्याचे खापर सामान्यतः यंत्राच्या माथी फोडले जाते. दुकानदार म्हणतो, 'मशीन जुने झाले'. गिऱ्हाईक मान डोलावते आणि खिशात हात घालते. आमचे म्हणणे असे की, बहुतेक प्रसंगी हा निवाडा भलत्याच आरोपीविरुद्ध झालेला असतो. यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याच्यावर चढविलेला प्रोग्राम लठ्ठ झालेला असतो. आणि त्याच्या लठ्ठपणामागे कोणताही निसर्गनियम नाही, एक धंदेवाईक मत आहे. ते मत असे: लोकांच्या हाती आज असलेल्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहू नये, उद्या येणाऱ्या यंत्रासाठी लिहावा, आज तो रखडत चालला तरी चिंता नाही, उद्याचे यंत्र त्यास वाहून नेईल. ह्या मताची उलटतपासणी करावी, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

हे मत हवेतून पडलेले नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १९६५ साली गॉर्डन मूर ह्यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' ह्या नियतकालिकात भाकीत केले की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनीच ही मुदत दोन वर्षांवर नेली. मध्यंतरी १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले की, हे घटक जसजसे लहान होतील तसतसा त्यांना लागणारा विद्युद्दाब उतरविता येईल, आणि म्हणून तेवढ्याच विजेत अधिक घटक अधिक वेगाने चालविता येतील. ह्या दोन गोष्टींच्या जोरावर पुढील सुमारे तीस वर्षे यंत्रे त्याच किमतीत अधिकाधिक वेगवान होत गेली. प्रोग्रामरने बोट न हलविता त्याचा कालचा प्रोग्राम आज भरभर धावू लागे. अशा सुगीत वाढलेल्या पिढीला काटकसर हा वेडेपणा वाटू लागला, ह्यात नवल ते काय? अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांस शिकवितो. ह्या पिढीने ती म्हण उलटी केली: पाय हवे तेवढे पसरावे, अंथरूण उद्या कोणीतरी वाढवून देईल.

हा 'कोणीतरी' कोण, येथेच सारा वाद आहे. अंथरूण वाढविणारा हा प्रोग्राम लिहिणारा नसतो. स्वतःच्या पैशाने नवे यंत्र घेणारा असतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार आहे. दान प्रोग्रामरचे, घर आपले.

ह्या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले ते झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील निक्लाउस विर्थ ह्यांनी. पास्कल भाषेचे हे जनक. १९८४ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला होता. १ जानेवारी २०२४ रोजी ते निवर्तले. १९९५ साली त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरची कैफियत मांडणारा एक लेख लिहिला. हार्डवेअर ज्या गतीने वेगवान होते त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर मंद होते, हे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले आणि त्याचे श्रेय मार्टिन रायझर ह्यांस दिले. जग मात्र त्यास 'विर्थचा नियम' म्हणते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्राम आठ हजार बाइटांत बसत असे, आणि आता त्याच कामास शंभरपट जागा लागते, असा हिशेब त्यांनी दिला. कारणेही त्यांनी स्पष्ट सांगितली: गिऱ्हाइकाने मागितलेली प्रत्येक सोय विचार न करता आत घेणे, आवश्यक काय आणि हौसेचे काय ह्यांतील भेद न राखणे, आणि विचार करावयास वेळच मिळू नये अशी घाई. विर्थ केवळ उपदेश करून थांबले नाहीत. १९८६ ते १९८९ ह्या काळात त्यांनी आणि युर्ग गुटक्नेख्त ह्यांनी, म्हणजे मुख्यतः दोघांनी, 'ओबेरॉन' ही संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली, तिची भाषा आणि तिचा अनुवादक, असे सारे उभे केले. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते त्यांनी करून दाखविले.

आता आकड्यांकडे वळू. १९९५ च्या 'विंडोज ९५' ला कंपनीच्या सांगण्याप्रमाणे किमान चार मेगाबाइट रॅम पुरे होती. २००१ च्या 'एक्सपी'ला ६४ मेगाबाइट लागली. २००७ च्या 'व्हिस्टा'च्या 'होम बेसिक' आवृत्तीला ५१२. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या 'विंडोज ११' ला चार गिगाबाइट. सव्वीस वर्षांत सुमारे हजारपट! ह्या सव्वीस वर्षांत आपण लिहितो त्या पत्रांची लांबी हजारपट झाली काय? देवस्थानच्या जमाखर्चाच्या वहीत हजारपट खाती निघाली काय? अभिषेकाची पावती हजारपट मोठी झाली काय?

परंतु येथे अन्याय होऊ देता कामा नये. ह्या वाढीतील सगळीच वाढ चरबी नाही. काही हाड आहे, काही मांस आहे. ह्याचा उत्तम दाखला आपल्या लिपीचा आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात परदेशी संगणकावर देवनागरी अक्षर उमटवावयाचे म्हणजे त्यात 'जिस्ट' नावाचे एक वेगळे कार्ड बसवावे लागे. ते तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढविले. पुढे युनिकोड आले, जोडाक्षरे जुळविण्याची विद्या कार्यप्रणालीच्या पोटातच गेली, आणि 'विंडोज २०००' मध्ये मराठी व कोंकणी ह्या दोन्ही भाषांना स्थान मिळाले. ही विद्या फुकट येत नाही; तिला जागा लागते, गणित लागते. पण ह्या वजनाबद्दल आम्ही अवाक्षर काढणार नाही, कारण त्याचा मोबदला वापरणाऱ्याच्या पदरात पडतो. तेच अधिक स्पष्ट चित्राचे, अंधांना मजकूर वाचून दाखविणाऱ्या सोयींचे आणि चोरापासून रक्षण करणाऱ्या कुलपांचे. म्हणून आमची कसोटी वजनाच्या आकड्याची नाही. वजन कोणाच्या सोयीसाठी वाढले आणि त्याचे मोल कोणी दिले, हे दोन प्रश्न विचारावे. दोहोंचे उत्तर एकच माणूस असेल तर तक्रारीस जागा नाही. सोय एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, असे आढळले की तेथे भुर्दंड आहे असे समजावे.

असा भुर्दंड कसा बसतो त्याचे एक उदाहरण पुरे आहे. २०१३ साली 'इलेक्ट्रॉन' नावाची एक चौकट निघाली. तिच्या साह्याने एकदा लिहिलेला प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही ठिकाणी चालतो. लिहिणाऱ्याचे तिप्पट श्रम वाचतात. युक्ती अशी की, असा प्रत्येक प्रोग्राम आपल्यासोबत क्रोमियम हा जवळजवळ संपूर्ण ब्राउझर घेऊन येतो. निरोप पाठविण्याचा एक प्रोग्राम, टिपणे ठेवण्याचा दुसरा, सभा भरविण्याचा तिसरा, असे तीन उघडले की यंत्राच्या स्मृतीत तीन ब्राउझर पंगत मांडून बसतात, आणि आपला स्वतःचा ब्राउझर तो चौथा. एक खिळा हवा म्हणून सुताराचे सारे दुकान उचलून आणावे, आणि दुसरा खिळा हवा म्हणून पुन्हा दुसरे दुकान आणावे, तसे हे झाले. श्रम वाचले ते लिहिणाऱ्याचे. रॅम विकत घ्यावी लागली ती वापरणाऱ्याला.

ह्या मताचे समर्थक विद्वान आहेत आणि त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही. तो क्रमाने ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा प्रतिभेचा. ते म्हणतात, उद्याच्या यंत्राचा विचार कोणी केलाच नसता तर चित्रमय पडदा आणि माऊस ही साधने आपल्यापर्यंत आलीच नसती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली 'आल्टो' हे यंत्र बांधले गेले ते ह्याच विचाराने: दहा वर्षांनी जे सर्वांना परवडेल ते आज भरपूर पैसा ओतून बांधावे आणि त्यावर उद्याचे प्रोग्राम आजच लिहून पाहावे. हे अक्षरशः खरे आहे, आणि आम्ही त्यास मनःपूर्वक नमस्कार करतो. परंतु आल्टोचा खर्च झेरॉक्सने सोसला. ते यंत्र प्रयोगशाळेचे होते. कोणा मास्तराच्या किंवा कारकुनाच्या टेबलावरील यंत्र त्यासाठी निकामी झाले नाही. पुढे तीच कल्पना बाजारात आणताना काय घडले तेही पाहा. ॲपलने १९८३ साली 'लिसा' काढली, एक मेगाबाइट स्मृतीची, ९,९९५ डॉलरची. ती चालली नाही. जानेवारी १९८४ मध्ये 'मॅकिंटॉश' आला, १२८ किलोबाइटचा, २,४९५ डॉलरचा. तेवढ्याशा जागेत खिडक्या, चित्रे आणि अक्षरे बसविण्यासाठी बिल ॲटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक बाइट तासून काढला. ती जागा अपुरीच होती; त्याच वर्षी ५१२ किलोबाइटचे यंत्र काढावे लागले. तरीही क्रम ध्यानात घ्यावा. स्वप्न उद्याच्या यंत्रावर पाहिले गेले, पण माल आजच्या यंत्रावर बसवून मगच गिऱ्हाइकाच्या हाती दिला गेला. प्रयोगशाळेने उद्यात राहावे. दुकानाने आजमध्ये राहावे. प्रयोगशाळेचा परवाना दाखवून दुकान चालविणे, हा आमचा आक्षेप आहे.

दुसरा मुद्दा बाजाराचा. ते म्हणतात, माणसाचा वेळ महाग आणि यंत्र स्वस्त. प्रोग्राम तासत बसणारा मागे पडतो. ह्यासाठी हिशेबपत्रकांचा इतिहास सांगितला जातो. 'लोटस १-२-३' ची पुढची आवृत्ती लांबत लांबत १९८९ मध्ये आली. तोवर १९८७ सालचे मायक्रोसॉफ्टचे 'एक्सेल' थोराड यंत्रांवर भिस्त ठेवून पुढे निघून गेले होते. हा दाखला खरा आहे, पण अर्धा आहे. तोच 'लोटस' जानेवारी १९८३ मध्ये जिंकला होता तो कशाच्या बळावर? त्याचा प्रतिस्पर्धी 'कॉन्टेक्स्ट एमबीए' सोयींनी भरलेला होता, पण कोणत्याही यंत्रावर चालावा अशा बेताने लिहिलेला असल्यामुळे त्या वेळच्या यंत्रावर तो रखडे. 'लोटस' मात्र आयबीएमच्या त्याच यंत्रासाठी, यंत्राच्या भाषेजवळ जाऊन लिहिलेला होता; तो विजेसारखा चाले. तेव्हा बाजाराचा इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. आणि बाजाराची साक्ष कोण जिंकला एवढेच सांगते. पैसे कोणाचे गेले हे ती सांगत नाही.

ह्याहून महत्त्वाचा भेद पुढेच आहे, आणि तो कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी निर्णायक आहे असे आम्हांस वाटते. १९८७ साली प्रोग्राम खोक्यातून विकत मिळे. ज्याला एक्सेल हवे त्याने नवे यंत्र घेऊन ते घ्यावे. ज्याला नको त्याच्या टेबलावरील जुना 'लोटस' होता तसाच राही. रात्रीतून तो आपोआप फुगत नसे. म्हणून उद्याच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम हा त्या काळी केवळ एक देकार होता. स्वीकारणे न स्वीकारणे गिऱ्हाइकाच्या हाती होते. आज प्रोग्राम तारेतून येतो. तो विकत घेतलेल्या यंत्रात, विक्री पूर्ण झाल्यावर, 'अपडेट' ह्या सौम्य नावाने शिरतो. पुष्कळदा विचारतो, कधी विचारतही नाही, आणि विचारले तरी 'नको' म्हणण्याची कळ 'नंतर' ह्या कळीच्या मागे दडलेली असते. बरे, एकदा आत आला की मागची आवृत्ती परत मिळण्याची सोय बहुधा नसते. विकलेल्या घरात विकणाऱ्याने पुन्हा येऊन आपले सामान रचावे, आणि खोल्या अपुऱ्या पडू लागल्यावर मालकास म्हणावे, 'तुमचे घर जुने झाले. नवे बांधा', असाच हा व्यवहार नाही काय? खोक्याच्या काळात जे मत फार तर अव्यवहारी होते, ते तारेच्या काळात परक्याच्या मालमत्तेवरील अतिक्रमण ठरते.

हे केवळ आमचे मत नाही. इटलीच्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन बड्या कंपन्यांना ह्याच कारणासाठी दंड केला. सॅमसंगने २०१४ सालच्या 'नोट ४' फोनच्या मालकांना मे २०१६ पासून अँड्रॉइडची नवी आवृत्ती घेण्याचा आग्रह चालविला होता; ती आवृत्ती मुळात 'नोट ७' ह्या नव्या फोनसाठी तयार झालेली होती. जुन्या फोनवर तिचा ताण पडेल, त्यात बिघाड संभवतात, हे मालकांना सांगितले गेले नाही. आणि वॉरंटी संपलेल्यांकडून दुरुस्तीचे भारी पैसे मागितले गेले, असा ठपका प्राधिकरणाने ठेवला. दंड पन्नास लाख युरो. ॲपलने 'आयफोन ७' डोळ्यांसमोर ठेवून केलेली आवृत्ती 'आयफोन ६' च्या निरनिराळ्या मॉडेलांच्या मालकांना घ्यावयास लावली; त्या कंपनीस एक कोटी युरो. उद्याच्या यंत्राचा प्रोग्राम आजच्या यंत्रावर लादणे, हे आमच्या लेखाचे सूत्र जणू त्या निकालपत्राचाच सारांश आहे. फ्रान्सने तर २०१५ च्या कायद्यान्वये मालाचे आयुष्य हेतुपुरस्सर तोकडे करणे हा गुन्हाच ठरविला.

अमेरिकेतील एक प्रकरणही बोलके आहे. 'व्हिस्टा' बाजारात येण्यापूर्वी, २००६ साली, दुकानांतील यंत्रांवर 'व्हिस्टा चालविण्यास समर्थ' अशा अर्थाची चिकटपट्टी लावण्यात आली. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळ यंत्रांवर तिची फक्त साधी आवृत्तीच चाले. जाहिरातींत दाखविलेले पारदर्शक खिडक्यांचे वैभव त्यांस झेपत नसे. २००७ मध्ये सिएटलच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. २००८ मध्ये सर्व ग्राहकांचा एकत्रित दावा म्हणून त्यास मिळालेली मान्यता २००९ मध्ये काढून घेतली गेली, आणि त्या मार्गाने ग्राहकांच्या पदरी काही पडले नाही. पण ह्या प्रकरणी कंपनीची अंतर्गत पत्रे उघड झाली. कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांत लिहिले होते की, चिकटपट्टी पाहून घेतलेले आपले एकवीसशे डॉलरचे यंत्र आता ईमेल पाहण्यापुरते उरले आहे. घरच्या अधिकाऱ्याची ही गत, मग इतरेजनांचे काय सांगावे?

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 'विंडोज १०' चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देण्यात आली. 'विंडोज ११' मात्र २०१७ पूर्वीच्या पिढ्यांतील प्रोसेसर जवळजवळ सरसकट नाकारते आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप मागते. कंपनी म्हणते, हे चोरांपासून रक्षणासाठी आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या रचनेतच असलेल्या 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' ह्या फटी जगजाहीर झाल्या, हे ध्यानात घेता ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. तथापि दोन निरनिराळ्या गोष्टींची मोट बांधली जात आहे. कुलूप दुरुस्त करणे ही एक गोष्ट. कुलपासोबत नवा दिवाणखाना घ्यावयास लावणे ही दुसरी. आम्हांस कुलूप हवे. ते दिवाणखान्यावाचून मिळू शकत नाही, हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे. कोणीच कोणत्याही यंत्रास अनंत काळ सांभाळू शकत नाही, हेही आम्ही जाणतो. फुकट वाटल्या जाणाऱ्या लिनक्सनेही १९८५ सालच्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस काढून घेतला. पण तेथे सत्तावीस वर्षे लोटली होती. सत्तावीस आणि आठ ह्यांत जे अंतर आहे ते तंत्राचे कमी आणि धोरणाचे अधिक आहे.

आणि ज्या सुगीच्या भरवशावर हे मत उभे होते ती सुगीही सरली आहे. घटक लहान केले तरी विद्युद्दाब पूर्वीसारखा उतरत नाही, उष्णता वाढते, म्हणून २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा ठोका पूर्वीच्या गतीने वाढणे थांबले. एकाच यंत्रात अनेक प्रोसेसर बसवून त्यावर तोड काढली गेली. पण अनेकांत काम वाटून घेण्यासाठी प्रोग्रामही विचारपूर्वक लिहावा लागतो, आणि विचार हाच तर टाळावयाचा होता. फुकटची पंगत उठली. उष्ट्या पत्रावळींवर मात्र अजून लोक बसून आहेत. रॅम नेहमी स्वस्तच होत जाणार, हा भरवसाही २०२५ च्या उत्तरार्धात खोटा ठरला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड कोठारांनी ती ओढून घेतली आणि तिचे भाव भराभर चढले. मग उद्याचे यंत्र आजच्याहून स्वस्त व थोराड असेलच, हे कोणाच्या हमीवर?

टाकून दिलेली यंत्रे जातात कोठे, हाही प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन विद्युत-कचरा निघाला, आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. उरलेला कोठल्या तरी वस्तीत उघड्यावर जाळला जातो, आम्लात बुडविला जातो, मातीत मुरतो. प्रोग्रामरचे चार तास वाचले, त्याची ही किंमत आहे.

ह्या मासिकाच्या वाचकांस हा विषय परका वाटू नये. गोव्यात महाजन, बडोदे-इंदूरकडे विश्वस्त, बेळगावकडे पंच, अशा नात्यांनी आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती देवाच्या पैशाचा कारभार आहे. पावत्या फाडणे, जमाखर्च ठेवणे, उत्सवाच्या वर्गणीची यादी करणे ही देवस्थानची कामे दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावर आजही उत्तम होऊ शकतात. ते यंत्र केवळ कोणाच्या तरी भविष्यवादापायी टाकून नवे घेणे म्हणजे भाविकाने पेटीत टाकलेला रुपया त्याने ज्यासाठी टाकला त्यावाचून अन्यत्र खर्च करणे होय. देवद्रव्याचा विश्वस्त आपल्या खासगी खिशाविषयी उदार असू शकतो. देवाच्या खिशाविषयी उदार होण्याचा त्यास अधिकार नाही.

म्हणून करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. कोणतेही सॉफ्टवेअर वा यंत्र घेताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्या: हा प्रोग्राम आपल्या हाती आज असलेल्या यंत्रावर चालतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या अमुक सालापर्यंत मिळतील, आणि त्या दुरुस्त्या नव्या सोयींपासून अलग मिळतील. जो विक्रेता हे लिहून देण्यास कचरतो, त्याचा उद्यावरील विश्वास आपल्या पैशावर आहे असे समजावे. जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी हलकी प्रणाली चढवून देणारा एखादा जाणता तरुण बहुतेक गावांत सापडतो. त्याला नव्या यंत्राच्या किमतीचा दहावा हिस्सा दिला तरी तो संतुष्ट होईल.

कायद्याकडूनही मागणी आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना प्रथमच आली. त्यान्वये राज्य आयोगापुढे दाद मागता येते. विक्रीनंतर मालाचे स्वरूप एकतर्फी बदलण्याची मुभा देणारे जे कलम 'मला मान्य आहे' ह्या कळीखाली दडलेले असते, त्याची परीक्षा ह्या कल्पनेच्या प्रकाशात व्हावयास हवी. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात एक सरळ नियम घातला आहे: विकलेल्या डिजिटल मालात नंतर बदल करावयाचा तर करारात त्याचे सबळ कारण हवे, त्यापायी ग्राहकास खर्च पडता कामा नये, त्यास स्पष्ट सूचना हवी, आणि बदलामुळे त्याच्या वापरास लक्षणीय बाधा आली तर करार मोडण्याचा हक्क त्यास हवा. एवढेच आपल्याकडे स्पष्ट शब्दांत यावे. त्यात प्रगतीला विरोध नाही, संशोधनाला आडकाठी नाही. ज्याला उद्यासाठी लिहावयाचे आहे त्याने खुशाल लिहावे. फक्त उद्याचे भाडे त्याने स्वतः भरावे.

प्रोग्रामरांत आपल्या घराघरांतील मुले-मुली आहेत. बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे आणि सातासमुद्रांपार बसून ती जगाचे प्रोग्राम लिहितात. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे: तुमच्या टेबलावरील वेगवान यंत्र बाजूला ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस तुमचा प्रोग्राम गावाकडच्या शाळेतील यंत्रावर, आजीच्या मोबाईलवर चालवून पाहा. जेथे तो अडखळेल तेथे तुमचे काम अपुरे आहे असे समजा. आडात पाणी किती हे पाहून पोहरा सोडावा. पुढल्या वर्षी पाऊस चांगला होईल ह्या भरवशावर शेजाऱ्याचा आड उपसू नये.